फाट्यावरचे हॉटेल भाड्याने घ्यावे का?



खते, बियाणे, रोग-कीड यांविषयीच्या पत्रांबरोबर हल्ली एक वेगळाच प्रश्न आपल्या कार्यक्रमाकडे येऊ लागला आहे. फाट्यावरचे किंवा एस.टी. थांब्याजवळचे हॉटेल भाड्याने मिळते आहे, मालक अमुक अनामत मागतो, घ्यावे की न घ्यावे? कुणाकडे तीन एकर जिरायत आहे, कुणाची विहीर माघातच तळ दाखवते, कुणाचा धाकटा बारावी होऊन घरी बसला आहे. जोडधंदा म्हणून कोंबड्या झाल्या, शेळ्या झाल्या, आता हॉटेल. विचार वाईट नाही. पण शेळी मेली तर एक शेळी जाते. हॉटेल बसले तर अनामत, भांडीकुंडी आणि उधारी एकदमच बसते, आणि हा पैसा पुष्कळदा घरातल्या बाईच्या गळ्यातून नाहीतर गोठ्यातल्या दावणीवरून आलेला असतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी काय काय मोजायचे, ते या पत्रकात सांगत आहे.

हॉटेल म्हणजे आपण खेड्यात ज्याला हॉटेल म्हणतो तेच इथे धरले आहे. पत्र्याची एक खोली, पुढे मांडव, चार बाकडी, चहा, भजी, वडापाव, जमल्यास मिसळ. हमरस्त्यावरचा मोठा ढाबा हा निराळा कारभार आहे.

गल्ला विचारू नका, दूध विचारा

मालकाला विचारा, "रोजचा धंदा किती?" उत्तर ठरलेले असते. "तीनशे कप कुठं जात नाहीत." हा आकडा अगदीच खोटा असतो असे नाही. तो बाजारच्या दिवसाचा असतो, नाहीतर जत्रेचा असतो, आणि सांगताना तो रोजचा होतो. वही बघायला मागावी, तर खेड्यातल्या हॉटेलात एकच वही असते, ती उधारीची.

खरा धंदा दुधावरून कळतो. दूध घालणारा माणूस जवळपासच्या वस्तीवरचाच असतो. त्याला गाठा. रोज किती लिटर घालतोस, बाजारच्या दिवशी किती, श्रावणात किती, एवढेच विचारा. एक लिटर दुधात पाऊण लिटर पाणी घालून चहा उकळला, तर आटून-गाळून सुमारे ८० मिलिलिटरचे वीस कप निघतात. घरी एकदा मापाने करून बघा, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको. आता तीनशे कपांना पंधरा लिटर दूध लागले पाहिजे. दूधवाला सात लिटर सांगत असेल, तर कप एकशे चाळीस झाले. उरलेले एकशे साठ मालकाच्या तोंडातले.

हीच रीत बाकीच्या मालाला लावा. पाववाला सकाळी किती लाद्या टाकतो, बेसन आणि तेल कोणत्या दुकानातून जाते, महिन्याला गॅसच्या किती टाक्या लागतात. चार ठिकाणचे आकडे एकमेकांना धरून असले तर त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एखादाच फार वेगळा निघाला, तर तो का वेगळा, हे शोधा.

मग स्वतः जाऊन मोजा. तीन दिवस तरी लागतील. एक बाजारचा दिवस, एक साधा दिवस आणि एक एकादशीचा किंवा भर पावसाचा. एकादशीला चहा खपतो पण भज्यांची कढई गार असते. पावसात नेमके उलटे, भजी पुरत नाहीत. पहिल्या एस.टी.पासून दिवे लागेपर्यंत समोरच्या झाडाखाली बसा, आणि दर कपाला एक रेघ ओढा. ज्याने पैसे दिले त्याची सरळ रेघ, जो "मांडून ठेव" म्हणाला त्याची आडवी. संध्याकाळी आडव्या रेघा मोजल्या की त्या गावाचा स्वभाव कळतो. आणखी एक बघा. गिऱ्हाईक कोण आहे? ट्रकवाला, एस.टी.तून उतरलेला माणूस, शाळा-कॉलेजची पोरे हे पिऊन निघून जातात. गावातला माणूस एका कपावर तासभर बाकडे अडवून राजकारण सोडवतो. त्याच्याशिवाय हॉटेलला शोभा नाही, पण एकट्या त्याच्यावर भाडे निघत नाही.

आता हिशेब मांडू

पुढचे भाव रीत दाखवण्यापुरते धरले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारचे घाला.

एक लिटर दूध ५० रुपये. त्याला २०० ग्रॅम साखर, किलोला ४५ भावाने ९ रुपये. चहा पावडर ५० ग्रॅम, किलोला ४०० ने २० रुपये. आले, गवती चहा ३ रुपये. गॅस ८ रुपये. एकूण ९० रुपयांत वीस कप, म्हणजे कपाला साडेचार. दहा रुपयाला कप विकला तर साडेपाच सुटतात असे कुणीही म्हणेल. पण विसातले दोन कप पैसे देत नाहीत. एखादा सांडतो, एखादा दूधवाल्याला, पाववाल्याला, मालकाच्या भावाला जातो, एखादा उधारीत बुडतो. पैशाचे कप अठरा धरा. मग १८० रुपये आले, ९० गेले, ९० राहिले. लिटरमागे ९० रुपये हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सात लिटरवर चहाचे ६३० रुपये सुटले. खाण्याच्या ३५ प्लेटा २५ रुपयांनी गेल्या तर ८७५ रुपये. तेल, बेसन, कांदा, पाव, गॅस मिळून प्लेटला १४ रुपये धरले तर खर्च ४९०. राहिले ३८५. दोन्ही मिळून दिवसाला १,०१५ रुपये. महिन्याचे दिवस २६ धरा, तीस नव्हे. अमावस्या आहे, घरचे कार्य आहे, गावात मयत आहे, आजारपण आहे. २६ दिवसांचे २६,३९० रुपये झाले.

आता यातून जाणारे. भाडे ६,००० रुपये. वीज १,२००. कामाला एक माणूस, ४०० रुपये रोजाने २६ दिवसांचे १०,४००. फुटलेले ग्लास, पाण्याचा टँकर, साबण, बारीकसारीक दुरुस्ती १,५००. अनामत ६०,००० आणि भांडी, शेगडी, फ्रीज, बाकडी यांना ६०,००० मिळून १,२०,००० रुपये लागले, ते १४ टक्क्यांनी काढले, तर व्याज वर्षाला १६,८०० म्हणजे महिन्याला १,४००. बेरीज २०,५००.

राहिले ५,८९० रुपये.

यात नवरा-बायको दोघे पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत राबलेली आहेत. दोघांत वाटले तर माणशी दिवसाला ११३ रुपये पडले. दुसऱ्याच्या बांधावर भांगलायला गेलात तरी याहून जास्त हाती येतील, आणि संध्याकाळी घरी तरी याल.

मालकाचा हिशेब काय होता? तीनशे कप, तीन हजार रुपये, निम्मे सामानाला, दीड हजार दिवसाला, तीस दिवसांचे पंचेचाळीस हजार. भाडे देऊनही एकोणचाळीस हजार उरतात! हॉटेल तेच, फाटा तोच.

मग किती धंदा असला म्हणजे घ्यावे? दोघांची मजुरी ३५० रुपयांनी २६ दिवसांची १८,२०० होते. आपल्याला मिळाले ५,८९०. तूट १२,३१० ची, म्हणजे दिवसाला ४७३. लिटरमागे ९० रुपये सुटतात, तेव्हा सव्वापाच लिटर दूध जास्त खपले पाहिजे. म्हणजे या भाड्यात या जागी रोज सव्वाबारा लिटरचा चहा जात असेल, तर मजुरी सुटून धंदा बरोबरीत राहील. त्याच्यावर जाईल तो नफा. मालकाशी बोलायला बसाल तेव्हा हा एक आकडा खिशात ठेवा. खप सात लिटरचा असेल तर सहा हजार भाडे जास्त आहे, हे त्याला दूधवाल्याच्या साक्षीने सांगता येते, आणि आकडा पुढे ठेवला की मालकही खाली येतात. निम्मे भाडे झाले तरी सात लिटरवर बरोबरी होत नाही, हेही तुम्हाला दिसेल. तिथे मग भाड्याचा प्रश्नच नाही, जागाच कमी पडते.

घरचे म्हणजे फुकट नव्हे

पत्रांत पुष्कळांनी लिहिले आहे, "दूध घरचंच आहे, कांदा घरचाच आहे, त्यामुळे फायदाच फायदा." इथे सावध राहा. घरचे दूध हॉटेलात घातले तर ते डेअरीला जाणार नाही. डेअरी लिटरला ३४ रुपये देत असेल, तर तुमच्या चहाच्या हिशेबात त्या दुधाची किंमत ३४ रुपये लागली पाहिजे. ती शून्य धरता येत नाही. बाहेरून घेताना ५० पडले असते, म्हणजे लिटरला १६ रुपये वाचले. सात लिटरला ११२, महिन्याला २,९१२. हा फायदा खरा आहे आणि तो सोडू नका. मात्र संघाला दूध घालणे बंद केल्यावर दिवाळीचा फरक जातो, आणि हॉटेल बंद पडल्यावर पुन्हा खाते सुरू करायला जावे लागते, तेही त्यात धरा. गाभण जनावर आटले की दोन-तीन महिने दूध विकतच घ्यावे लागणार. कांद्याचेही तसेच. चाळीतला कांदा त्या दिवशीच्या बाजारभावाने हॉटेलला विकला असे समजून लिहून ठेवा.

घरची माणसे तर फुकट मुळीच नव्हेत. भगिनींनो, हे तुमच्यासाठी. हॉटेल घरधनी चालवतो असे गाव म्हणते, पण पहाटे उठून चटणी वाटणे, बटाटे उकडणे, पिठे भिजवणे आणि रात्री पातेली घासणे कुणाकडे येते ते तुम्हाला ठाऊक आहे. धारा, शेण-घाण, स्वयंपाक आहे तिथेच आहे. तेव्हा करार करण्याच्या आधी चुलीपाशी बसून दोघांनी दिवस वाटून बघावा. पाच ते आठ कोण, आठ ते बारा कोण, जनावरांकडे कोण. जिथे "बघू, होईल" असे उत्तर येते, ते काम पुढे बाईवरच पडते.

शेताचा हंगाम आणि हॉटेलचा हंगाम

शेतीखात्याचा माणूस म्हणून मला याची काळजी जास्त वाटते. जिरायत शेती आठ दिवसांच्या वापशावर चालते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली खरीप ज्वारी खोडमाशीच्या तडाख्यातून बरीचशी निसटते. पंधरा-वीस दिवस उशीर झाला की पोंगे वाळू लागतात, मग फवारा घेऊन धावण्यात अर्थ नसतो. वापसा आला आणि त्याच दिवशी गावचा बाजार असला, तर तुम्ही कुठे असणार? तिफण धरणार की किटली? हॉटेल घेतलेल्या माणसाचे शेत पहिल्या वर्षी उशिरा पेरले जाते, दुसऱ्या वर्षी वाट्याने जाते. वाट्याने द्यायचे असेल तर अवश्य द्या, पण ते आधी ठरवून द्या, आणि तिथे गेलेले निम्मे उत्पन्न हॉटेलच्या खर्चात मांडा.

हॉटेललाही हंगाम असतो. ऊस पट्ट्यात कारखान्याचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. त्या काळात रात्रभर उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, तोडणीच्या टोळ्या असतात. एका फाट्यावर रात्री बारालाही चहा जातो. पट्टा पडला की तोच फाटा ओस. लग्नसराई आणि यात्रा वैशाखापर्यंत, मग शाळा बंद, मग पेरण्या. जानेवारीत मोजलेले कप जूनमध्ये सापडत नाहीत. म्हणून हंगामात मोजले असेल तर वर्षाचा हिशेब बारा महिन्यांनी गुणून करू नका. पाच महिने भरतीचे आणि सात महिने ओहोटीचे असे दोन हिशेब वेगळे करा. मालकाशी भाडेही तसेच दोन दराचे ठरवता येते का बघा. काही मालक तयार होतात, कारण खाली पडलेल्या खोलीचे पत्रे वाऱ्याने उडतात हे त्यांनाही कळते.

पहिला माणूस का सोडून गेला?

त्यालाच विचारा. सोडून गेलेला माणूस सहसा खरे बोलतो, फक्त त्याला मालकासमोर विचारू नका. आजारपण, मुलाची नोकरी अशी कारणे असली तर ठीक. "जमलं नाही" एवढेच म्हणाला, तर दूधवाल्याकडे आणि किराणा दुकानदाराकडे त्याची किती बाकी राहिली ते विचारा. तीन वर्षांत तीन चालक बदलले असतील, तर दोष चालकांत नाही.

मालकाच्या अटीही त्याच्याकडूनच कळतात. एक अट फार ठिकाणी दिसते. हॉटेल मालकाचे आणि शेजारचे किराणा दुकान त्याच्या भावाचे. सामान तिथूनच घ्यायचे. वर दिसायला भाडे कमी असते. साखर किलोला तीन रुपये, तेल लिटरला आठ रुपये बाजारापेक्षा जास्त पडत असेल, तर महिन्याला किती किलो, किती लिटर लागते त्याने गुणा. आलेला आकडा भाड्यातच मिळवा. खरे भाडे ते. अशी अट असावीच लागली तर "तालुक्याच्या घाऊक भावाने" हे शब्द करारात घाला.

जुनी उधारी अंगावर घेऊ नका. "वहीत चाळीस हजार येणे आहे, ते तुम्ही वसूल करा, मला तीस द्या" असे सांगणारे भेटतात. ज्याला पाच वर्षे चहा पाजून वसूल झाले नाही, ते तुम्हाला परक्याला कोण देणार? स्वतःची उधारी ठेवायची तर ती बाजार ते बाजार. आठवड्याची बाकी दिली नाही तर पुढच्या आठवड्याला वही बंद, आणि हे पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून टांगावे. सरपंच असो की पोलीसपाटील, पाटी सगळ्यांना एकच. मोबाईलवर पैसे घेण्याची सोय झाल्यापासून "सुटे नाहीत" ही सबब तरी गेली आहे. मात्र ते पैसे कुणाच्या खात्यात जातात हे घरात ठरवून घ्या. मुलाच्या खात्यात गेलेला गल्ला संध्याकाळी मोजायला सापडत नाही.

जागा कुणाची, रस्ता कुणाचा

फाट्यावरच्या खोल्यांपैकी काही सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हद्दीत असतात, काही गायरानात. मालक म्हणवणारा तिथे मालक नसतो. रस्ता रुंद होताना अतिक्रमण म्हणून पाडली की तुमची अनामत कुणाकडे मागणार? ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा मागा, खोली कुणाच्या नावावर आहे आणि घरपट्टी कोण भरते ते बघा. शेतजमिनीत बांधलेली असेल तर सातबारा पाहून बिनशेती परवानगीची चौकशी तलाठ्याकडे करा. अर्ध्या दिवसाचे काम आहे, ते टाळू नका.

रस्त्याचीही चौकशी करा. नवा वळणरस्ता निघाला की जुना फाटा एका रात्रीत गावठाण होतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो पुरा खुला झाला. या रस्त्याला ठरलेल्या ठिकाणीच आत-बाहेर जाता येते, मधल्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबतच नाही. तुमच्या रस्त्याची कुठे मोजणी, खुणा, भूसंपादनाच्या नोटिसा चालू आहेत का, हे बांधकाम खात्याच्या तालुका कचेरीत विचारल्यास सांगतात.

एस.टी.वर अवलंबून असलेल्या हॉटेलांनी तर दोन धडे ताजे पाहिले आहेत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सगळेच बंद झाले. ते सावरते तोच २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप चालला. थांबा होता, हॉटेल होते, गाडी नव्हती. भाडे मात्र चालू होते. म्हणून करारात हे कलम घालून घ्या, की सरकारी हुकमाने किंवा एस.टी. बंद राहिल्याने हॉटेल पंधरा दिवसांवर बंद राहिले, तर त्या काळाचे भाडे माफ किंवा निम्मे.

करार तोंडी नको

"आपण काय परके आहोत?" असे मालक म्हणाला की कागद नक्की करा. भांडण सोयऱ्यांतच जास्त होते. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असावा. पहिली मुदत अकरा महिन्यांचीच बरी, पण "तुम्हाला पाहिजे असल्यास पुढे दोन वेळा अकरा महिने, भाडेवाढ अमुक टक्क्यांपर्यंत" असे आत्ताच लिहून घ्या. नाहीतर तुम्ही हॉटेल नावारूपाला आणायचे आणि बाराव्या महिन्यात मालकाच्या मेव्हण्याने गल्ल्यावर बसायचे, असे घडते.

अनामत चेकने किंवा बँकेतून द्या, चावी परत केल्यापासून किती दिवसांत ती मिळेल ते लिहा. पत्रा गळला तर कोण दुरुस्त करणार, मोरी तुंबली तर कोण, हे लिहा. त्याच मालकाने शेजारच्या गाळ्यात दुसरे चहाचे दुकान काढू नये, हेही लिहा. आणि शक्य असेल तर करार करण्याआधी पंधरा दिवस रोजच्या भाड्याने चालवून बघायला मागा. बैल घेताना आपण औताला धरून बघतोच ना? मालकाने साफ नकार दिला, तर त्यालाही आपला बैल ठाऊक आहे असे समजा.

पैसा कुठून काढायचा, याबद्दल थोडक्यात. पीककर्जाला हात लावू नका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो. तोच पैसा अनामतीत अडकून मुदत टळली की सवलत जाते आणि पुढच्या खरिपाला सोसायटीचे दार बंद होते. छोट्या धंद्यासाठी बँकांकडे मुद्रा योजना आहे, २०१५ पासूनची. तिच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. भांडी-शेगडीपुरते ते पुरे आहे.

कायद्याच्या गोष्टी

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि त्याखालची नोंदणी-परवान्याची पद्धत ऑगस्ट २०११ पासून चालू आहे. टपरीलाही नोंदणी लागते. ती जुन्या चालकाच्या नावाची चालत नाही, तुमच्या नावाने नवी काढा आणि क्रमांक दर्शनी लावा. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. गॅसची टाकी धंद्याची, १९ किलोची हवी, घरची १४.२ किलोची टाकी हॉटेलात वापरता येत नाही, आणि स्फोट झाला तर विमाही मिळत नाही. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, प्लास्टिकच्या पिशव्या व कप २०१८ पासून. "थोडी बाटली ठेवली तर धंदा चालेल" असे सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. दारूबंदी कायद्याखाली बिनपरवाना विकणे तर गुन्हा आहेच, लोकांना आपल्या बाकड्यावर बसून पिऊ देणे हाही गुन्हा आहे.

कपबश्या विसळायला दहा-बारा वर्षांचा पोऱ्या ठेवायची जुनी चाल आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल, ढाबे, चहाच्या टपऱ्या यांत चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवायला बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सगळ्याच धंद्यांना लागू झाली. स्वतःच्या मुलाने शाळा सुटल्यावर हात लावला तर चालते. पण शाळा बुडवून पहाटेच्या गाडीला चहा पोचवायला त्याला उठवू नका.

पाणी विहिरीचे असेल तर टीसीएल पावडर टाका, आणि वर्षातून एकदा पाण्याचा नमुना आरोग्य केंद्रामार्फत तपासायला द्या. पावसाळ्यात गावात हगवण आली की पहिले बोट हॉटेलच्या हंड्याकडे जाते.

ताबा घेण्याचा दिवस

एवढे सगळे पाहून आकडा जमत असेल, तर जरूर घ्या. चांगल्या फाट्यावर, बारा-पंधरा लिटरचा खप असलेल्या जागी, घरचे दूध आणि घरात दोन रिकामे हात असले तर हे जिरायत शेतीला मोठा आधार देणारे काम आहे. रोज संध्याकाळी हातात रोकड येते, आणि शेतीत ती वर्षातून दोनदाच येते.

ताबा घ्यायला दोन पंचांसमोर जा. बाकडी किती, पातेली किती, पंखा चालतो का, फ्रीज कुणाचा, याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. विजेचा मीटर त्या दिवशी किती आकड्यावर आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि मागचे बिल भरल्याची पावती मालकाकडून मागून घ्या. मीटर घरगुती दराचा असेल आणि आत हॉटेल चालत असेल, तर तो धंद्याच्या दराचा करून मिळेपर्यंत अनामतीचा दुसरा हप्ता देऊ नका.